कमी केलेलं नाव

माझं माहेर वडूजकडचं बगा. वडूजातलं न्हवं, वडूजपास्नं दोन कोस आत, तितं बाजरी आन मटकी सोडली तर काय पिकायचं न्हाई, पाऊस आला तर आला, न्हाईतर म्हाशिवरात्रीलाच हिरीचा तळ दिसायचा. आमी पाच भनी, मी चवथी. चवथीबी पोरगीच झाली म्हनून माझं नाव ठेवलं नकुसा. नको व्हती म्हनून नकुसा. तुमी हसू नगा बाई, आमच्याकडं गावागावात एक तरी नकुसा घावंल. शाळंत मला घातलंच न्हाई, म्हनून ते नाव कुटं लिवायची येळ आली न्हाई, आन मला तवा त्येचं काय वाटतबी न्हवतं, हाक मारली की मी व्हय म्हनायची.

मंग लगीन झालं उंब्रजला, पान्याच्या गावाला, म्हनून माझ्या भनींस्नी माझा हेवा वाटला. मालक तवा पलटनीत नुकतंच भरती झालेलं, लग्नाला म्हनून रजंवर आलेलं, आन ताटात तांदूळ पसरून आंगठीनं त्येंनी माझं नाव लिवलं, पारबती. मला काय वाचाय येतंय, मी नुसती त्या आंगठीकडं बगत बसले. नंतर कुनीतरी सांगितलं, तू आता पारबती. काय सांगू तुमाला, मला तवा रडूच आलं, माझी आई म्हनाली सासरी जायाचं म्हनून रडत्या, पर त्येच्यासाठी न्हवतं ते. मला कुनीतरी पयल्यांदा नाव दिलं व्हतं, बोलवायचं नाव, घालवायचं न्हवं.

तर तुमी वही उघडल्या उघडल्या इचारलंत, तुमचं नाव काय, मालकाचं नाव काय, घराचा पत्ता काय. पयलं मी सांगितलं. दुसरं आन तिसरं मला सांगता येत न्हाई, आन का येत न्हाई ते सांगायला ही समदी कथा सांगावी लागतीया. आमच्यात बाई मालकाचं नाव घेत न्हाई, मामंजींचं घेत न्हाई, थोरल्या दिराचं घेत न्हाई. तुमच्या शिकल्यासवरल्यांचं आता सुटलंया, आमचं सुटलं न्हाई. सासू म्हंजे आमच्या आत्याबाई, त्येंनी मला पयल्याच आठवड्यात चुलीम्होरं बसवून सांगितलं, बाईनं नवऱ्याचं नाव उघड्या तोंडानं घेतलं की त्येचं आयुष्य कमी व्हतं. तुझा नवरा बंदुकीम्होरचा हाय, तू तर लयच जपून ऱ्हा. उखाण्यात चालतं, उखाण्यात नाव झाकल्यालं असतं, उघडं न्हाई घ्यायचं. ते माझ्या मनात आसं बसलं की देवाचंबी नाव मला घेता यीना. कारन दोघं भाऊ नवसाचं. आत्याबाईंची पयली दोन लेकरं ऱ्हायली न्हाईत, मंग त्येंनी वेशीवरच्या देवाला नवस बोलला, थोरलं झालं त्येला देवाचं एक नाव ठेवलं, धाकटं झालं त्येला त्याच देवाचं दुसरं नाव ठेवलं. सुमे, अगं सुमे, सांग बाईंस्नी तुझ्या आबांचं नाव काय आन थोरल्या चुलत्यांचं काय.

(सुमन आतून सांगते : आबांचं मारुती, थोरल्या चुलत्यांचं हणमंत.)

हां, लिवलं का? तर हे आसं. गावात मला काय अडायचं न्हाई, गावाला समदं ठावं. देवळात चालले म्हनायचं तर मी वेशीवर चालले म्हनायची, जयंतीला ती जयंती म्हनायची, आन पोस्टमन आला की आत्याबाईच नाव सांगायच्या. अडलं ते हितं साताऱ्यात आल्यावर.

हितं का आलो, तर कोयनेच्या भूकंपात उंब्रजच्या घराची मागची भित बसली. सुमी तवा रांगत व्हती, तिला काकंत घिऊन मी भायेर पळाले. त्यानंतर मालक म्हनाय लागलं, सातारला जागा बगू, तितं पलटनीची लय मानसं ऱ्हात्यात, पोरीला शाळा हुईल, मला रजंवर यायला बरं पडंल. मंग मामंजींनी गावाभायेर, किल्ल्याच्या अंगाला, एका मळेवाल्याकडनं जागा घेतली. मालक तवा लांब, म्हनून कागूद झाला मामंजींच्या नावावर. आन मामंजींनी दोघा लेकांस्नी आन आमा दोघी सुनांस्नी म्होरं बसवून तोंडानं वाटनी केली, रान आन गावातलं घर थोरल्याला, साताऱ्याची जागा धाकट्याला. थोरल्या भावजींनी मान हलवली, मालकांनी मान हलवली. कागूद कुनी केला न्हाई. बापाच्या म्होरं लेकांनी मान हलवली ह्येच्यावर काय कागूद करायचा म्हनून.

घर म्हंजे काय, दोन खोल्या, म्होरं पडवी, दगडी जोतं आन वर मंगलोरी कौलं. पर जोत्याचा एकेक दगूड माझ्या डोळ्यादेखत बसलाय, भितीवर पानी मी मारलंया, खोटं न्हाई सांगत, सकाळ-संध्याकाळ घागरीनं. भवतीनं तवा जवारीचं रान. हितं कॉलनी म्हनायची तर आमची धरून पाच घरं, रस्ता म्हनून काय न्हाई, पावसात काळ्या मातीत पाय घातला की चप्पल आतच ऱ्हायाची. लाईट न्हवती, पानी मळ्याच्या हिरीवरनं. फाटकाशी मी शेवगा लावला, तो तेवडा झटक्यात वाढला. शेजारी हमीदाभाभी, तिच्या मालकाचं खालच्या पेठंत बांगड्यांचं दुकान. तिचा मला लय आधार, सापकिरडू निघालं की मी तिला हाक मारायची आन ती मला, दोघीबी सापाला भ्यायच्या, पर दोघी मिळून काठी धरायच्या. आन मला सारखी धास्ती असायची. दार लावलं का, सुमी शाळंतनं आली का, पोस्टमन आज आला का. लढाई झाली त्या साली तर मी रेडुवाचा आवाज आला की कान झाकायची, भाभी ऐकून मला सांगायची, तेरा वाला खैरियत है. तिला कसं कळायचं देव जाने, पर ती म्हनली की मला घास जायाचा.

दुष्काळाच्या साली मामंजी गेलं. त्येंच्या मागनं वरसाभरात आत्याबाई गेल्या. आन त्येच्या म्होरल्या साली साताऱ्याची हद्द वाढली म्हनं, आमची कॉलनी हद्दीत आली, आन घरांची नावं लिवून घ्यायला एक कारकून आला.

दुपारची येळ, सुमी शाळंत. सायकलीवरनं आलेला, घामानं भिजलेला, मी त्येला पानी दिलं. चांगला व्हता बिचारा, त्येचा काय दोष न्हाई, मी आधीच सांगून ठिवते. त्येनं जागंचा कागूद मागितला, मी मामंजींचा कागूद दिला. तो म्हनाला हे हायेत का, मी म्हनलं वारलं. मंग आता घर कुनाचं? मी म्हनलं त्येंच्या लेकाचं. नाव? झालं. मी पदर वडला. तो म्हनाला, बाई, नाव सांगा, मला अजून तीन घरं हायेत. मी भाभीकडं बगितलं, ती कुंपनाशी उभी. तर ती म्हनली, अगे, तेरे मरद का नाम मेरे को कां मालूम? तीन-चार वर्सं शेजार, पर ती त्येंना सुमीके अब्बा म्हनायची आन मी तिच्या मालकाला जैनबचे वडील म्हनायची. दोघींस्नी एकमेकींच्या नवऱ्यांची नावं ठावं न्हाईत. मंग मी जशी गावात सांगायची तसं सांगितलं, शनवारी ज्येला त्याल वाहत्यात आन रुईची माळ घालत्यात, त्येचं नाव. कारकून हासला. म्हनाला, कळलं कळलं. मी म्हनलं, नीट कळलं न्हवं? तो म्हनाला, बाई, माझ्या गावातबी देऊळ हाय. आन लिवून निघून गेला. मला बरं वाटलं, नावबी घेतलं न्हाई आन कामबी झालं. मी दुपारी निवांत झोपलेबी त्या दिशी. माझी ती शेवटची निवांत झोप समजा.

वरीस गेलं. एक दिवस मुन्शिपाल्टीची नोटीस आली. सुमी तवा तिसरीत, तिनं बोट ठेवून ठेवून वाचली, मी भाकरी थापत व्हते. मामंजींचं नाव वाचलं, मयत वाचलं, आन मंग वारस म्हनून म्होरं जे नाव वाचलं ते थोरल्या भावजींचं. मी म्हनलं, परत वाच. तिनं परत वाचलं. म्हनली, आई, हे आबांचं न्हाई, थोरल्या तात्यांचं हाय. हातातली भाकरी तशीच काठवटीत ठिवली. खाली लिवलेलं, कुनाची हरकत असंल तर पंदरा दिसात कळवावी.

बगा तुमी, देव एकच, नावं दोन, आन कारकुनाच्या गावात देवाला ते दुसरं नाव असंल. त्येची चूक म्हनावी तर तीबी न्हवं, आन कागूद बगनाऱ्याला चूक दिसनारबी न्हाई, कारन थोरलं भावजी मामंजींचं खरंच लेक, थोरलं लेक. कुनीबी म्हनंल बरोबर हाय. वाटनी झाली ती तोंडानं, आन ज्येंच्या तोंडानं झाली ते मामंजी गेलेलं. ऱ्हायलं कोन साक्षीला? मी, जाऊबाई आन दोघं भाऊ. त्यातला एक भाऊ तिकडं बर्फात, लडाखच्या बाजूला.

तिसऱ्या दिशी सोमवारी थोरलं भावजी आलं. ते बाजाराला यायचं तवा हितं जेवूनच जायाचं, तसं नवं काय न्हवतं. पर त्या दिशी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तर टोपीच्या आत घडी घातल्याला कागूद. गावाकडंबी गेली व्हती एक नोटीस. ते माझ्याशी बोलायचं न्हाईत, थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत न्हाई, सुमीला म्होरं करून बोलायचं. जेवलं. तंबाकू मळली. मंग उठलं, घराला एक फेरी मारली, पावलं टाकत, मोजत असल्यासारखी. भितीवर बोटानं टकटक केलं. वर बगून म्हनालं, सुमे, कौलं चांगली ऱ्हायली की गं. झालं, येवडंच. टोपी घातली आन गेलं. त्या टकटकीनं मी दार धरून खाली बसले. भांडलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. न बोलत्या मानसाशी कसं भांडायचं? दोन दिसांनी जाऊबाईंचा निरोप आला, आता साताऱ्याला आपलंच हक्काचं घर झालंया, दिवाळीला यीन चार दीस ऱ्हायला. आपलंच हक्काचं. ह्ये एकदा ऐकलं आन मी ते दिवसभर मनात घोळवत बसले.

तुमी म्हनाल, मालकाला का न्हाई कळीवलं. सुमीला पत्र लिवाय बसवलं व्हतं मी. पर दोन वळी झाल्या आन मीच कागूद वडून घेतला. त्येंच्या आदल्या पत्रात लिवलेलं, हितं तीन हात बर्फ, दिवसा आंधार, हाताची बोटं वळत न्हाईत. तसल्या मानसाला मी काय लिवू, तुमचा सख्खा भाऊ तुमचं घर मोजून गेला म्हनून? पहाऱ्यावर त्येचं ध्यान कुटं जाईल? आन दुसरंबी सांगते, लाजबी व्हती. चूक माझ्या तोंडची. नाव घेतलं असतं तर घर ऱ्हायलं असतं, न्हाई घेतलं म्हनून गेलं. पत्र धाडलं, समदं ठीक हाय, शेवगा लागलाय म्हनून.

भाभीनं मला कचेरीत नेलं. भायेर झाडाखाली अर्ज लिवून देनारा बसायचा, त्येला सुमीनं दोन्ही नावं सांगितली, त्येनं लिवलं, मी अंगठा दिला. काय लिवलं ते तवा मला वाचून दावलं न्हाई, मीबी इचारलं न्हाई. मंग तारीख पडली, दोघांनीबी हजर ऱ्हायाचं, मी आन थोरलं भावजी.

त्या तारखंपतूर कसं दीस काढलं ते माझं मला ठावं. त्येच दिसांत पत्र यायचं बंद झालं. दर पंदरवड्याला यायचं, आलं न्हाई. दोन म्हयनं झालं. मी पोस्टमनला आडवायची, तो लांबनंच हात हलवायचा. आन इकडं ज्या घराला म्हनून मी जीव लावलेला ते मला परक्यासारखं वाटाय लागलं, सारवतानाबी वाटायचं, कुनाचं सारवतीया मी. अन्न ग्वाड लागंना. सुमीवर उगीच खेकसायची.

तारखंला सकाळी गेलो. सुमीला संगं घेतली, म्हनलं अडलं तर पोरगी नाव सांगंल. सायेब चष्म्याचं, वयानं मोठं, चांगलं वाटलं. भावजी एका भितीला उभं, मी दुसऱ्या भितीला, पदर नाकापतूर. सायेबानं माझा अर्ज मोठ्यानं वाचला, आन त्यात काय लिवलेलं, तर थोरल्यांचं नाव घिऊन, यांचं नाव कमी करून माझ्या पतीचं नाव लावण्यात यावं. कमी करून.  मी एकदम बोलले, सायेब, मी आसं म्हनले न्हाई, मला कुनाला कमी करायचं न्हाई, थोरलं हायेत ते. सायेब हासलं, आवो बाई, ही कचेरीची भाषा, कागदावरनं नाव काढायचं म्हंजे कमी करायचं, मानसाला कुनी काय करत न्हाई. पर मी भावजींकडं चोरून बगितलं, तर त्येंनीबी ते ऐकलेलं, आन तंबाकू मळायचा त्येंचा अंगठा थांबलेला.

सायेबानं त्येंना इचारलं, तुमचं काय म्हननं? घर कुनाचं? भावजी म्हनालं, कागूद म्हनंल ते. मंग सायेब मला म्हनालं, कारकुनाला तुमी कुनाचं नाव सांगितलं व्हतं? मी सांगितलं, शनवारी त्याल, रुईची माळ. कचेरी समदी हासली. सायेब म्हनालं, बाई, त्या देवाची धा नावं हायेत, त्यातलं एक तुमच्या मालकाचं न् एक ह्येंचं, म्हनून तर घोटाळा झाला, आता सरळ नाव सांगा. मी म्हनलं, पोरगी सांगंल. ते म्हनालं, पोरीचा जबाब चालत न्हाई, तुमचा पायजे, तुमच्या तोंडचा.

मंग मला उखाणा सुचला. तितंच उभ्या उभ्या सुचला, किल्ल्याच्या पायथ्याला घर बांधलं नवं, आमक्यारावांचं नाव मला कागदावर हवं. आमकेराव हितं तुमाला म्हनून म्हनले, तितं खरं घेतलं. पर नाव आलं तितं माझा आवाज खाली गेला, नवऱ्या मुली घेत्यात तसा, कुनाला काय ऐकू आलं न्हाई. कारकून लेखनी धरून तसाच. सायेब म्हनालं, गोड हाय, पर हे लगीन न्हवं, नुसतं नाव घ्या, मोठ्यानं.

काय सांगू तुमाला, माझ्या डोळ्यापुढं तो बर्फ आला. कवा बगितला न्हाई मी बर्फ, पर आला. दोन म्हयनं पत्र न्हाई, आन मी हितं उघडं नाव घेनार. आत्याबाईंचं बोलनं कानात. एका मनानं म्हनले, जाऊ दे घर, आन दुसरं मन म्हनलं, सुमीला घिऊन कुटं जाशील, आन ते आलं तर त्येंना काय दावशील. आन परत वाटलं, घर वाचवाय नाव घेतलं आन घरात ऱ्हायला मानूसच आला न्हाई तर?  मी डोळं मिटलं आन घेतलं. उघडं. काय घेतलं ते तुमाला सुमीनं सांगितलंच हाय.

कारकुनानं मान वर केली, म्हनाला, काय? परत सांगा, मोठ्यानं.

मी तोंड उघडलं, तवर समोरच्या भितीचं भावजी म्होरं आलं. हात असा आडवा धरलेला. सायबाला म्हनालं, बास, सायेब, बास. तिला परत घ्यायला लावू नगा. माझा भाऊ बर्फात हाय. मी सांगतो की. आन त्येंनी आपल्या भावाचं नाव मोठ्यानं घेतलं, बापाचं घेतलं, आडनाव घेतलं, म्हनालं, लिवा, घर त्याचं हाय, आमच्या बापानं माझ्यादेखत दिलंया, मी मान हलवली व्हती. माझं नाव करा कमी. कुटं अंगठा द्यायचा ते दावा. त्येंना सई येत व्हती बरं का, चांगली चवथी शिकलेलं, पर घाबरून अंगठा कुटं म्हनालं.

त्या मानसाच्या मनात घर घ्यायचं व्हतं का न्हवतं, मला अजून ठावं न्हाई. असंल. टकटक काय उगीच केली नसंल. पर भावाचं आयुष्य एकदा कमी झालं ते झालं, दुसऱ्यांदा नगं, येवडं त्येंना पटदिशी कळलं, आन ते माझ्यासारखंच भ्यालं. त्या कचेरीत ज्येंना भ्या वाटलं आसं आमी दोघंच व्हतो. भायेर आल्यावर झाडाखाली माझ्याकडं पाठ करून उभं ऱ्हायलं आन म्हनालं, सुमे, पत्र आलं का गं त्याचं? सुमी म्हनली, न्हाई. तवा त्येंनी टोपी काढून तोंड पुसलं.

त्यानंतर दर सोमवारी यायचं. बाजार असू नसू. दारातनंच, सुमे, आलं का? न्हाई. मंग जेवायचं न्हाईत, पानी पिऊन जायाचं, जाताना वेशीवरच्या देवाला त्याल घालायचं म्हनं, सुमीला सांगायचं, म्हंजे मला. आसं पाच सोमवार गेलं. सहाव्या आठवड्यात पत्र आलं, दवाखान्यातनं. बर्फानं डाव्या पायाचं एक बोट गेलं व्हतं, बाकी खुशाल. मी ते पत्र धरून हासले आन रडले. एकदाच घेतलं म्हनून एका बोटावर भागलं बगा. परत घेतलं असतं तर काय गेलं असतं ते मी इचार करत न्हाई. भावजींस्नी सांगावा धाडला, ते त्याच दिशी आलं, पेढं घिऊन, आन पयल्यांदा आमच्या घरात मोठ्यानं हासलं.

म्होरल्या वर्षी भावजी गेलं. खोकला लय वर्सं व्हता, त्यो वाढला, मिरजंला दवाखान्यात ठेवलं, बावीस दिसांनी आनलं ते तसंच आनलं. मालक रजा काढून आलं, लंगडत आलं. डाक्टरांनी सांगितलं छाती खराब झाली व्हती, गुऱ्हाळाचा धूर आन तंबाकू. समद्यांना पटलं. मला कसं पटावं? मी एवडं दीस मालकासाठी भीत बसले आन हिकडं भावजींचं नाव कमी करा म्हनून अंगठा कुनी दिला व्हता? मी. सायेब म्हनालं नुसती कचेरीची भाषा. असंल. बारा दीस झाल्यावर मी मालकाला समदं सांगितलं, कारकून, नोटीस, टकटक, नाव, समदं. वाटलं आता चिडतील. त्येंनी ऐकून घेतलं आन नुसतं म्हनालं, दादा बास म्हनाला व्हय? मी म्हनलं, व्हय, बास म्हनालं. ते त्येंनी परत परत इचारलं.

मंग दोन वर्सांनी मालक पेन्शनीत आलं. म्होरं पडवी पाडून तितं स्लॅब टाकला, वर कठडा केला, आन गवंड्याला सांगून कठड्यावर सिमेंटाची अक्षरं काढून घेतली. आजूबाजूला आता घरं किती झाली बगताय तुमी, रस्ता झाला, लाईट आली, समद्यांनी घराला नावं दिल्याती, कुनी आईचं, कुनी देवाचं. मी इचारलं, काय लिवलं? त्येंनी सुमीला म्होरं केलं. सुमीनं वाचलं, थोरल्यांचं नाव, आन म्होरं निवास. मी तितंच उनात पदर डोक्यावर घेतला. कागदावरनं कमी केलं व्हतं ते त्येंनी भितीवर लावलं.

जाऊबाई पयल्यांदा आल्या तवा फाटकात उभ्या ऱ्हायल्या, पदर सारखा केला, वर बगितलं, आन आत आल्या. त्याबी काय ते नाव घेत न्हाईत. दिवाळीला चार दीस ऱ्हात्यात आता, दर साली, त्येंचं हक्काचंच हाय.

माझी धास्ती गेली का म्हनाल तर न्हाई. मालक पेन्शन आनाय गेलं आन याला उशीर झाला की मी शेवग्याखाली उभी. साधं शिंकलं तरी मला ती कचेरी आठवती, एकदा घेतलंया मी. ते म्हनत्यात, सायबाला ऐकवलंस, कारकुनाला ऐकवलंस, मला एकदा ऐकव की. मी म्हंते, बसा गप. देवानं तुमाला, तुमच्या लेकराबाळांना औक्ष द्यावं बाई, तुमी हे लिवून घेतलंत.

आता पत्ता ऱ्हायला. टांगेवाला इचारतो, कोनतं घर, मी म्हंते शेवग्याचं घर. माझ्याच घराचं नाव मला घेता येत न्हाई. तवा तुमी आता उठा, वही घिऊन भायेर जावा, फाटकात उभ्या ऱ्हावा आन वर बगून वाचा. मोठ्यानं वाचा बरं का. मला घेता येत न्हाई, पर आयकाय येतंय की.